फळ आईचे, बी दोघांचे: परसबागेतले बियाणे कसे राखावे

अश्विनाचे ऊन तापू लागले की परसातला मांडव हळूहळू रिकामा होऊ लागतो. दोडक्याच्या वेलावर पानांआड राहून गेलेले एखादे फळ वाळून खुळखुळते, भेंडीच्या निबर शेंगा शिरांवर तडकतात, चवळीच्या शेंगा करड्या पडतात, आणि घरातले कोणीतरी म्हणते की यंदा हे बी ठेवू या. पुढच्या ज्येष्ठात ते बी मातीत पडते. कधी ते उगवतच नाही, कधी उगवते पण गेल्या वर्षीसारखे फळ धरत नाही, तर कधी डबा उघडल्यावर बियांच्या जागी पीठ आणि भुंगे निघतात. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने १९६६ च्या बियाणे कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला, आणि घरचे बी राखणे यापुढे कायद्यात बसणार की नाही, ही शंकाही त्यात मिसळली.

कायद्याचा मुद्दा शेवटी घेऊ. बागेतल्या बहुतेक अपयशांच्या मुळाशी दोनच प्रश्न असतात: बियाचे आईबाप कोण, आणि बियात पाणी किती. पहिल्याचे उत्तर फूल उमलते त्या दिवशी ठरते आणि दुसऱ्याचे फळ तोडल्यानंतर, त्यामुळे पहिला प्रश्न हुकला तर कितीही चांगली साठवण करून तो दुरुस्त होत नाही.

बियाच्या आत काय असते

वालाचे बिरडे करण्यासाठी ज्याने कधी डाळिंब्या सोलल्या आहेत, त्याने बियाची रचना पाहिलेली आहे. वरचे साल हे कवच, आतली दोन जाड दले ही शिदोरी, आणि त्या दलांच्या बेचक्यात दडलेला इवलासा कोंब हे प्रत्यक्ष रोप. मुळे जमिनीत शिरून पाने उन्हात येईपर्यंत त्या कोंबाला या शिदोरीवरच भागवायचे असते.

डब्यात ठेवलेले वाळके बी निर्जीव वाटते, पण ते अतिशय संथपणे श्वास घेत असते. अगदी बारीक केलेली समईची वात जशी थोड्या तेलावर रात्रभर तग धरते, तसे कोरडे बी आपली शिदोरी पुरवून पुरवून वापरते. बियात ओल आणि भोवती उष्णता असेल, तर वात मोठी होते आणि तेल लवकर सरते. शिवाय ओलीबरोबर बुरशीही येते. कोंब मेल्यानंतरही बी बाहेरून पूर्वीसारखेच दिसते, म्हणून नुसते बघून बियाचा भरवसा धरता येत नाही.

खायचे फळ वेगळे, बियाचे फळ वेगळे

आपण भेंडी, काकडी, दोडका, दुधी, गवार आणि वांगे कोवळे असताना खातो. त्या अवस्थेत आतले बी अर्धवट घडलेले असते आणि ते वाळवले तर चिपाड होते. बियासाठी राखलेली भेंडी झाडावरच तपकिरी होऊन कडांवर फुटू लागली पाहिजे, दोडका हलवल्यावर वाजला पाहिजे, वांगे आपला रंग सोडून पिवळसर व टणक झाले पाहिजे. कोकणात आणि गोव्यात काकडीचे पिकून मोठे झालेले तवसे आढ्याला बांधून ठेवतात. काकडीचे बी धरायचे ते अशा पिवळ्या-तांबूस तवशातूनच. टोमॅटो, पिकलेली लाल मिरची आणि लाल भोपळा यांची गोष्ट सोपी आहे, कारण तिथे खायची वेळ आणि बियाची वेळ जवळजवळ एकच असते.

पावसाळी भाज्यांच्या बियासाठी शरद ऋतू सोयीचा ठरतो तो या वाळण्यामुळे. श्रावणात वाळू लागलेली शेंग सतत भिजते, तिच्यावर काळी बुरशी चढते आणि काही वेळा शेंगेतच बियांना मोड येतात. पाऊस ओसरल्यावर पक्व होणाऱ्या शेंगांना ही अडचण नसते. अवकाळी पावसाचा रंग दिसला, तर पिवळी पडलेली शेंग हिरव्या देठासह काढून ओटीवर टांगावी. शेवटची वाळवण सावलीत झाली तरी चालते.

येथे एका सर्वत्र दिसणाऱ्या सवयीबद्दल बोलले पाहिजे. चांगली फळे खाऊन झाल्यावर जे उरले, किडके, वाकडे, नजरेतून सुटलेले, ते बियाला ठेवले जाते. मला ही सवय मुळीच पटत नाही, कारण आपण दरवर्षी जे ठेवतो तेच पुढच्या वर्षी परसात वाढते. निवड फळाची करण्याआधी झाडाची करावी: रोग न आलेले, लवकर आणि बराच काळ फळलेले, चवीला उतरलेले झाड. त्यावरच्या एक-दोन चांगल्या फळांच्या देठाला चिंधी बांधावी आणि ती तोडायची नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावे. शक्य तिथे एकाच झाडावर विसंबू नये. चार-पाच झाडांचे बी एकत्र केले की वाणातले सगळे गुण पुढे जाण्याची शक्यता वाढते.

कारल्याशेजारी लावल्याने काकडी कडू होते का

होत नाही. हा समज फार जुना आहे आणि तो खोडून काढताना बियाची निम्मी गोष्ट आपोआप समजते.

फुलातल्या पुंकेसरावरची पिवळी भुकटी म्हणजे पराग, आणि तो स्त्रीकेसरावर पोचणे म्हणजे परागीभवन. पराग पोचल्यावर बी तयार होते, आणि त्या बियात निम्मा वारसा परागाच्या झाडाचा तर निम्मा फळ धरणाऱ्या झाडाचा असतो. फळाचा गर आणि साल मात्र संपूर्णपणे फळ धरणाऱ्या झाडाच्या शरीराचा भाग असतात. आंब्याला पराग कुठल्याही झाडाचा मिळाला तरी हापूसच्या झाडावर हापूसच लागतो. फळ आईचे असते, बी दोघांचे असते. त्यामुळे शेजारी काहीही लावले तरी यंदाच्या काकडीची चव त्याने बदलत नाही. काकडी कडू होते ती मुख्यतः तिच्या वाणामुळे किंवा पाण्याचा ताण पडल्यामुळे. शिवाय कारले आणि काकडी इतक्या दूरच्या वनस्पती आहेत की त्यांच्यात संकर होतच नाही. दुधी आणि लाल भोपळा, काकडी आणि खरबूज यांच्यातही तो होत नाही, नावे आणि वेल कितीही सारखे दिसोत. चिबूड आणि खरबूज मात्र एकाच जातीची भावंडे आहेत आणि ती सहज मिसळतात.

शेजारच्या परागाचा परिणाम दिसतो तो पुढच्या वर्षी, ठेवलेले बी पेरल्यावर. आपल्या मांडवावर लांब दुधी आणि पलीकडच्या अंगणात गोल दुधी असेल, तर यंदा आपल्याला लांबच दुधी मिळेल, पण त्याच्या बियातून कोणता आकार येईल हे सांगता येणार नाही. जवळपास कुठे कडू दुधीचा वेल असेल, तर गोष्ट आकारावर थांबत नाही. कडू दुधीतली कडवट द्रव्ये विषारी असतात आणि त्याचा रस प्यायल्याने माणसे गंभीर आजारी पडली आहेत. म्हणून दुधीचे बी धरण्याआधी त्याच वेलाच्या एका कोवळ्या फळाचा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि त्या वेलाचे फळही खाऊ नये, बीही ठेवू नये. घरी उगवलेल्या बियाच्या वेलाचे पहिले फळ शिजवण्याआधीही अशीच चव घ्यावी.

कोणाचे बी आपोआप शुद्ध राहते

वाल, चवळी, घेवडा, मटार आणि टोमॅटो यांच्या फुलात पराग बहुधा त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतो. याला स्वपरागीभवन म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी, राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो संग्रह उभा केला आणि ज्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला, त्यात वालाचे कितीतरी वाण आहेत. एकाच गावात इतके वाण वेगळेपण टिकवून राहू शकतात, यामागे राखणाऱ्यांच्या नजरेइतकाच वालाच्या फुलाचा हा स्वभावही असतो. सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच वाल-चवळीपासून सुरुवात करावी.

भेंडी, वांगी आणि मिरची स्वतःचाही पराग घेतात आणि मधमाशीने आणलेलाही घेतात. त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे. भेंडीची जी कळी उद्या उमलणार, तिच्या टोकाला आज संध्याकाळी दोरा हलकेच बांधावा, म्हणजे फूल उघडणार नाही, मधमाशी आत शिरणार नाही आणि परागीभवन बंद फुलातच उरकेल. देठाला खुणेची चिंधी बांधली की झाले.

भोपळावर्गीय वेलांत नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि पराग कीटकांनीच न्यावा लागतो. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नराच्या मागे नुसता देठ. लाल भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी पिवळसर झालेली एक मादी कळी आणि दोन नर कळ्या दोऱ्याने बांधून ठेवाव्यात. सकाळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच चोळावा आणि मादी फूल पुन्हा बांधावे. दुधी, दोडका आणि पडवळ यांची पांढरी-पिवळी फुले मात्र दिवस मावळताना उमलतात, त्यामुळे त्यांच्या कळ्या दुपारी बांधून हे काम संध्याकाळी करावे लागते. घोसाळे पहाटे फुलते आणि दोडका सांजवेळी, म्हणून ही दोन नातेवाईक मंडळी एका मांडवावर असूनही सहसा एकमेकांत मिसळत नाहीत.

मक्याचा पराग वाऱ्यावर उडतो आणि मक्याचे बी निकोप राहण्यासाठी खूप ताटे लागतात. चार ताटांच्या परसात त्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे.

संकरित वाणाचे बी उगवत नाही, हे खरे का

पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते बी दोन वेगळ्या, पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्या केलेल्या वाणांची मुद्दाम गाठ घालून बनवलेले असते. त्या पिकातून काढलेले बी बहुतेक वेळा उगवते. अडचण उगवण्यात नसून उगवून काय येते यात आहे.

लाल पाठीच्या आणि निळ्या पाठीच्या पत्त्यांचे दोन संच घ्या आणि प्रत्येक गड्याला एक लाल, एक निळा असा पत्ता वाटा. सगळ्यांचे हात सारखे दिसतील; संकरित पिकाची पहिली पिढी अशीच एकसारखी असते. आता हे सगळे पत्ते गोळा करून पिसा आणि पुन्हा दोन-दोन वाटा. कोणाला दोन्ही लाल येतील, कोणाला दोन्ही निळे, कोणाला एकेक. संकरित टोमॅटोच्या बियातून दुसऱ्या वर्षी येणारी रोपे अशी विखुरलेली असतात आणि त्यांत कोण कसे फळेल, याचा नेम नसतो.

सरळ वाणाचे तसे नसते. तिथे दोन्ही पत्ते मुळातच एका रंगाचे असतात, त्यामुळे कितीही पिसले तरी हात बदलत नाही. कालच्या दह्याचे विरजण लावून आजचे दही लागते, तितके ते सरळ आहे. गावरान वाण बहुधा या गटात येतात, पण कृषी विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी दिलेले अनेक वाणही सरळ असतात. भेंडीचे परभणी क्रांती, पुसा सावनी आणि अर्का अनामिका ही त्यांची ओळखीची उदाहरणे आहेत.

एकदाच उगवणाऱ्या ‘टर्मिनेटर’ बियांची भीतीही अधूनमधून पसरते. बियाला पुढच्या पिढीत वांझ करणाऱ्या या तंत्राचे एकस्व (पेटंट) १९९८ मध्ये अमेरिकेत दिले गेले, पण असे बियाणे बाजारात कधीच आले नाही आणि भारतीय कायदा अशा तंत्राच्या वाणांची नोंदणीच नाकारतो. घरचे बी उगवले नाही, तर दोष बहुतेक वेळा आपल्या वाळवणीचा असतो.

ओल्या फळातले बी

शेंगेतले बी सोलून पाखडले की काम झाले. टोमॅटो आणि काकडीच्या बियाभोवती मात्र बुळबुळीत पिशवी असते, आणि ती बियाला फळाच्या आतच मोड येऊ देत नाही. ती घालवण्यासाठी बी-गर भांड्यात काढून थोडे पाणी घालावे आणि झाकून एक-दोन दिवस आंबू द्यावे. आपल्याकडच्या उष्म्यात याहून जास्त ठेवू नये, नाहीतर त्याच भांड्यात मोड येतात. मग भरपूर पाण्यात धुतल्यावर भरीव बिया तळाशी बसतात आणि पोकळ तरंगतात. तरंगणाऱ्या टाकून द्याव्यात. धुतलेले बी वर्तमानपत्रावर पसरले तर कायमचे चिकटते, म्हणून ताट किंवा जुने मलमल बरे.

कडक उन्हात लवकर वाळेल ना?

वाळेल, पण ओले बी दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवणे हे त्याला वाफवण्यासारखेच आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ओल्या बियाच्या कोंबाला इजा होऊ लागते, आणि ऑक्टोबरात तापलेला पत्रा हा आकडा सहज ओलांडतो. पहिले दोन-तीन दिवस वाऱ्याच्या सावलीत आणि मग सुपात किंवा कापडावर सकाळचे कोवळे ऊन, हा क्रम ठेवावा. संध्याकाळी सूप आत घ्यावे, कारण दिवसभर गमावलेली ओल बी रात्रीच्या दमट हवेतून परत शोषून घेते.

बी पुरेसे वाळले की नाही, हे घरातही कळते. भोपळ्याचे बी वाकवल्यावर लवले तर ओले, कट्‌कन मोडले तर कोरडे. वालाच्या बियावर नखाचा ठसा उमटता कामा नये. काचेच्या कोरड्या बरणीत थोडे बी आणि भाजून कोरडे केलेले मीठ घालून हलवावे व थोड्या वेळाने पाहावे: मीठ काचेला चिकटले, तर बियात ओल अजून बरीच, ढोबळमानाने १५ टक्क्यांच्या वर आहे.

या आकड्याचे महत्त्व कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांच्या ढोबळ नियमातून कळते. बियातली ओल १४ टक्क्यांपासून ५ टक्क्यांपर्यंत उतरवताना दर एक टक्क्याला बियाचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान दर ५ अंशांनी उतरवले तरी तसेच. १४ टक्के ओलीचे बी ८ टक्क्यांवर आणले, तर सहा वेळा दुप्पट म्हणजे ६४ पट. चक्रवाढ व्याजाचा असा भाव कोणतीही पतपेढी देणार नाही, आणि त्यासाठी लागते ते आणखी चार सकाळींचे ऊन.

डबा, राख आणि फ्रीज

वाळलेले बी दमट हवेत ठेवले तर सगळी मेहनत वाया जाते. मुंबई-कोकणच्या हवेत कापडी पिशवी निरुपयोगी आहे. घट्ट झाकणाची काचेची बरणी हवी. लालसर भाजून झाकून थंड केलेल्या तांदळाची छोटी पुरचुंडी बरणीत ठेवली, तर उरलीसुरली ओल ती ओढून घेते.

हवाबंद बरणीतही भुंगे कुठून येतात? चवळी आणि वालाचा भुंगा अंडी घालतो ती वेलावरच्या शेंगेवर, म्हणजे शत्रू बियासोबतच आत आलेला असतो. माझी एका वर्षीची सगळी चवळी अशीच गेली. बरणीला बाहेरून कुठेही भोक नव्हते. पूर्ण वाळलेल्या शेंगवर्गीय बियांना आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवले की अंडी-अळ्या मरतात. ओले बी मात्र फ्रीजरमध्ये स्वतःच मरते. चाळलेली, पूर्ण थंड झालेली लाकडाची राख बियात मिसळण्याची जुनी रीतही पक्की आहे: ती बियांमधल्या फटी बुजवून भुंग्याची वाट अडवते आणि त्याच्या अंगावरचा मेणकट थर खरवडून त्याला सुकवते.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कोरडे बी अनेक वर्षे राहू शकते. बाहेर काढलेली बरणी मात्र खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर थंड बियांवर दव धरते. कांद्याचे बी मुळातच अल्पायुषी असते. ते वर्षभरात पेरून टाकावे. आंबा, फणस आणि जांभूळ यांच्या बियांना यातले काहीच लागू होत नाही, कारण त्या वाळल्या की मरतात. फणसाची आठळी ताजी असतानाच लावावी लागते.

पेरण्याआधी खात्री

घटस्थापनेला मातीत धान्य पेरून नऊ दिवसांनी अंकुर पाहण्याची आपली रीत आहे. तिच्यामागचा हेतू धार्मिक असला, तरी तो उगवणीचा एक उत्तम नमुना आहे. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात आणि फडके सुकू देऊ नये. आठवड्या-दीड आठवड्यात सात-आठ बियांना मोड आले, तर बी उत्तम. प्रमाणित बियाण्यासाठी सरकारी किमान मर्यादाही भेंडीला ६५ टक्के आणि भोपळावर्गीयांना ६० टक्केच आहे. चारच उगवल्या, तर बी टाकून देण्याऐवजी दाट पेरावे.

आणि कायदा?

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे, अगदी ते नोंदणीकृत वाणाचे असले तरी. अट एवढीच की संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा (ब्रँड) लावून, पाकीटबंद करून विकता येत नाही. हा हक्क प्रत्यक्षात वादात सापडला होता: २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणावरून गुजरातमधील काही शेतकऱ्यांवर दावे लावले, मोठी टीका झाली आणि मे महिन्यात कंपनीने ते मागे घेतले. नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यातही शेतकऱ्याचा हा हक्क कायम ठेवलेला आहे. मसुद्यावरची खरी चर्चा बाजारातल्या बियाण्याची नोंदणी, दर्जा आणि नुकसानभरपाई यांवर आहे, परसातल्या बरणीवर नाही.

तेव्हा शेजारणीला मूठभर वाल द्यायला काहीच हरकत नाही. देताना पुडीवर वाणाचे नाव, बी मुळात कुठून आणले ते आणि काढल्याचा महिना-वर्ष लिहावे. बी दुधीचे असेल, तर फुलाला दोरा बांधला होता की नाही, आणि बांधला नसेल तर त्या वेळी पलीकडच्या मांडवावर काय फुलले होते, तेही लिहावे.